एका रुपयामागे किती? आजार टाळण्याचा हिशोब शिकणाऱ्यांसाठी

जळगावात कुठल्याही कंपनीच्या सीएसआरवाल्यासमोर, म्हणजे समाजकार्याचा निधी बघणाऱ्यासमोर, मधुमेह-बीपी तपासणीचा प्रस्ताव ठेवा, दुसरं पान उलटायच्या आत प्रश्न येतो, "मॅडम, एका रुपयामागे किती?" सोनं, डाळ आणि केळीच्या भावावर चालणाऱ्या गावात हा प्रश्न वावगा नाही. त्याचं उत्तर काढणं हेच माझं काम. एम.कॉम.नंतर पब्लिक हेल्थ केलं आणि इकडे वळले. या कामात यायचं म्हणून विचारणाऱ्या मुलामुलींना फोनवर तेच तेच सांगते, ते इथे लिहून ठेवते.

सूत्र सोपं आहे. लाभातून खर्च वजा करायचा आणि उरलं त्याला खर्चाने भागायचं. एक रुपया घालून तीन रुपयांचा लाभ झाला तर परतावा दोन रुपये, तीन नव्हे. बऱ्याच सादरीकरणांत बिनदिक्कत तीन छापलेले असतात. बाकी गणित एक्सेल करतं. आपण सगळ्यात आधी ठरवायचं, की लाभ कुणाच्या खिशात पडला.

एमआयडीसीतली एखादी डाळमिल घ्या. हमालांची शुगर-बीपी तपासली, गोळ्या सुरू केल्या, समजा दोघा-तिघांचा पुढचा पक्षाघात टळला. मालकाचं काय वाचलं? मिलला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू असेल तर मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो आणि कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. कामगार ठणठणीत राहिले म्हणून ही वर्गणी कमी होत नाही. दवाखान्याचा खर्च वाचला तो ईएसआयचा. बरं, खाडे कमी झाले म्हणावं, तर रोजंदारीवरच्या माणसाच्या खाड्याचा पैसा मालक देतच नाही. मुकादम नाक्यावरून दुसरा माणूस आणतो. खाड्याचा तोटा जातो हमालाच्या घरात. म्हणजे त्याच कार्यक्रमाचा परतावा मालकाच्या वहीत उणे आणि हमालाच्या बायकोच्या हिशोबात भरघोस निघू शकतो, आणि दोन्ही आकडे खरे असतात. अहवालात एकच आकडा दिसला तर तो कुणाच्या बाजूने काढलाय हे आधी विचारा.

सरकारचा खिसा वेगळा. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचे पैसे निघतात, त्यामुळे टळलेल्या डायलिसिसचा मोठा लाभ राज्याला. पण धडगावहून नंदुरबारला आठवड्यातून दोनदा जायचं म्हणजे गाडीभाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, दुपारचं जेवण. हे कुठल्याच योजनेच्या बिलात दिसत नाही. माझ्या मते खानदेशात हाच रकाना सगळ्यात जड असतो, आणि शहरात बसून केलेल्या हिशोबातून नेमका तोच गळतो.

लाभ कुणाचा ही एक अडचण. दुसरी: कार्यक्रम नसता तर काय झालं असतं? मुकादमाचं मस्टर कधी नीट पाहा. एप्रिल-मेमध्ये खाड्यांची रांग लागलेली दिसेल, कारण लग्नसराई आणि आखाजी. जूनमध्ये पाऊस पडला की पेरणीचे खाडे. ऑगस्टमध्ये हजेरी सुधारते. आता मे महिन्यात शिबिर घेतलं आणि ऑगस्टशी तुलना केली, तर शिबिराने खाडे घटवले असं सिद्ध होणारच! तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा, आणि जिथे शिबिर झालं नाही अशी शेजारची मिल सोबत धरा.

शिबिराला आपणहून येणारा माणूस मुळात तब्येतीला जपणारा असतो, हा घोळ वेगळाच. अमेरिकेत याचं शिकण्यासारखं उदाहरण घडलं. २०१० मध्ये कॅथरीन बेकर आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून दाखवलं, की नोकरीच्या ठिकाणच्या आरोग्य कार्यक्रमांवर एक डॉलर घातला की उपचारखर्चात साधारण ३.२७ डॉलर वाचतात. तो आकडा जगभर फिरला. २०१९ मध्ये त्याच बेकर आणि झिरुई साँग यांनी एका मोठ्या दुकान-साखळीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ठिकाणं निवडून प्रयोग केला, म्हणजे आपणहून येणाऱ्यांचा घोळ टळला. १८ महिन्यांनंतर ना उपचारखर्चात लक्षणीय फरक, ना गैरहजेरीत. हे दोन निबंध लागोपाठ वाचा.

भारतातला आकडा हवा तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला चेन्नईचा मधुमेह-प्रतिबंध अभ्यास बघा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक घेतले होते. तीन वर्षांत नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले, आहार-व्यायामाच्या गटात ३९.३ टक्के. फरक १५.७ टक्क्यांचा, म्हणजे साधारण साडेसहा माणसांवर मेहनत घेतली की एकाचा मधुमेह टळतो, निदान पुढे जातो. समजा माणशी वर्षाला १,५०० रुपये खर्च धरला, तर तीन वर्षांचे ४,५००, आणि एक मधुमेह टाळायला सुमारे २९,०००. मात्र ही साडेसहा माणसं गर्दीतून शोधून काढायचा तपासणीखर्च यात नाही. नवखे हमखास तोच विसरतात.

पुढे मिळणाऱ्या लाभाला आजच्या भावात आणावं लागतं. भारतातल्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनात (कुठला उपचार पैशाच्या मोलाचा हे ठरवण्याच्या सरकारी पद्धतीत) यासाठी ३ टक्के दर वापरतात. त्या दराने दहा वर्षांनी वाचणाऱ्या एक लाखाची आजची किंमत ७४,४०० रुपये. १२ टक्क्यांनी पैसा उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या लेखी तीच ३२,२००. इथल्या शेठ लोकांना हे समजावावं लागत नाही, "व्याज धरलं ना?" म्हणून तेच विचारतात. डॉक्टर मंडळींना समजवायला जास्त वेळ लागतो.

आणि गोळ्या सुटतात. दिवाळीनंतर नंदुरबारकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जे गावात राहतात त्यांच्यातलाही एखादा आशाताईंना ऐकवतो, "आते बरं शे, मंग गोया कसाले?" म्हणून खर्चाला नोंदणी झालेल्या माणसांनी भागू नका. बीपी १४०/९० च्या खाली आलेल्या माणसांनी भागा. आकडा दुखेल इतका वाढतो, पण तोच कामाचा.

बहुतेक प्रतिबंधक कार्यक्रम घातलेला पैसा पुरता परत देत नाहीत. ते तुलनेने स्वस्तात निरोगी वर्षं विकत घेतात. देणगीदाराला हे पहिल्याच बैठकीत सांगा. एखादं काम हातचं जाईल, जाऊ द्या.

शिक्षणाचं म्हणाल तर एमबीबीएस लागत नाही. अर्थशास्त्र, कॉमर्स, संख्याशास्त्र, नर्सिंग, कुठूनही येता येतं. पुढे मुंबईची आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) किंवा टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट असे रस्ते आहेत. आर वगैरे संख्याशास्त्राची सॉफ्टवेअरं नंतर शिका, आधी एक्सेलमध्ये प्रत्येक गृहीतक वेगळ्या खान्यात ठेवायची सवय लावा, म्हणजे एक आकडा बदलला की पुढचं सगळं आपोआप हलतं. महिनाभर एखाद्या उपकेंद्रात बसा. शुगर तपासायच्या पट्ट्या किती वाया जातात, सिस्टरांचा किती वेळ नोंदी भरण्यात जातो, हे तिथेच कळतं.

मुलाखतीला जाताना पदव्यांच्या फायलीसोबत स्वतः केलेलं एक पान न्या. एनएफएचएस-५ चं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचं) तुमच्या जिल्ह्याचं पत्रक फुकट मिळतं, त्यात वाढलेली शुगर आणि बीपी असणाऱ्यांची टक्केवारी असते. एनएसएस या सरकारी नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत उपचाराच्या आणि प्रवासाच्या खर्चाची माहिती आहे. दोन्ही जोडून आपल्या तालुक्याचा कच्चा अंदाज बांधा: मालक, सरकार, घर असे तीन रकाने, आणि खाली कुठला आकडा गृहीत धरलाय त्याची यादी. समोरचा त्या यादीवरूनच प्रश्न विचारायला लागेल.