डोंगरालगतच्या घराला वणव्यापासून कसे जपावे

नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ आणि सुरगाणा या पट्ट्यात पावसाळ्यात वाढलेले गवत पौष-माघात पिवळे पडते आणि तेव्हापासून वळवाचा पाऊस येईपर्यंत विडीच्या एका थोटकानेही डोंगर पेटू शकतो. वणव्यात घर पेटते ते बहुधा वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणगीने, आणि त्या ठिणगीला छपरात किंवा भिंतीशी थारा मिळाल्याने. म्हणून काम भिंतीपासून सुरू करून बाहेर सरकत जावे आणि ते संक्रांतीच्या आत उरकावे.

प्रथम छपरावर चढून पन्हळीतला पाला आणि पाखरांची घरटी काढावीत. फुटकी कौले बदलावीत. पत्र्याच्या नाळ्या आणि भिंत यांच्यात राहिलेल्या फटी वाळू-सिमेंटने बुजवाव्यात, कारण ठिणगी याच वाटेने आत शिरून वाशांपर्यंत पोहोचते. झरोक्यांना प्लास्टिकची जाळी वितळते, त्यामुळे तीन मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली धातूची जाळी बसवावी. कारवीच्या कुडाचे घर असेल तर आतून-बाहेरून मातीचा जाड गिलावा द्यावा आणि त्याला पडलेल्या भेगा दरवर्षी लिंपाव्यात.

भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगे काहीही ठेवू नये. आपल्याकडे सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचण्याची रीत आहे. पावसाळ्यात ती सोयीची असली तरी उन्हाळ्यात तो ढीग घरापासून किमान तीस फूट दूर हलवावा, आणि कडब्याची गंजी त्याहूनही लांब रचावी. तीस फुटांपर्यंतचे गवत मुळाशी कापावे, घाणेरीची झुडपे उपटावीत आणि छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात. कॅलिफोर्नियातील वणवाप्रवण भागांत घराभोवती शंभर फुटांपर्यंतची जागा अशी राखणे कायद्याने बंधनकारक आहे. आपली जागा तेवढी नसेल तर शेजाऱ्यांशी बोलून बांधावरचे गवत मिळून कापावे.

कापलेले गवत जागेवर पेटवू नये, ते गुरांना घालावे किंवा खतासाठी कुजवावे. भातासाठी राब (रोपे टाकायच्या वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा) भाजणाऱ्यांनी वारा पडलेला असताना सकाळी लवकर, भोवती गवत काढलेला पट्टा आखून आणि पाण्याची पिंपे भरून ठेवूनच आग लावावी आणि राख पूर्ण थंड झाल्याशिवाय शेत सोडू नये. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

नवे घर बांधायचे असल्यास जागेची निवड सर्वांत महत्त्वाची आहे, कारण चुकलेली जागा पुढे कोणत्याही डागडुजीने सुधारत नाही. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांचा ठोकताळा आहे. त्यामुळे देखाव्याच्या मोहाने उताराच्या अगदी कडेला किंवा घळीच्या तोंडाशी पाया घालू नये. अग्निशमन बंब वळेल एवढा रस्ता ठेवावा.

वणवा दिसताच १०१ किंवा ११२ वर आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गुरांची दावी सोडावीत, गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि चढाकडे न जाता आगीपासून दूर, मोकळ्या वा नांगरलेल्या रानाकडे निघावे.