चेंबर बसवायच्या आधीची यादी: पॅकिंग, सीलंट आणि निथळणारं तेल

मोटरसायकलच्या इंजिनच्या तळाशी बोल्टने बसवलेलं तेलाचं भांडं, म्हणजे चेंबर (ऑइल पॅन), काढून परत बसवायचं असेल तर ही यादी. त्याचा जोड कागदी पॅकिंगने नाहीतर सीलंटने, म्हणजे ट्यूबमधल्या सुकणाऱ्या पेस्टने, बंद होतो. यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: इंजिन रात्रभर निथळू द्या. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. सीलंट चांगलं, बोल्ट नीट आवळलेले, तरी आठवड्यात चेंबरच्या कडेला तेल पाझरायला लागलं. पुढे हे पुन्हा येईल, कंटाळू नका.

आता गाडीखाली वाका. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांचं क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) मधोमध उभं उघडतं. तेल त्याच्याच तळाशी असतं, वेगळं ऑइल पॅन नसतं. तिथे गळती असेल तर ड्रेन बोल्टचा वायसर नाहीतर क्लच कव्हरचं पॅकिंग बघा. वेगळं चेंबर असतं ते बऱ्याचशा दोन-चार सिलिंडरच्या गाड्यांना. तिथेही गळती खरंच चेंबरची आहे ना, याची खात्री करा. वरून कुठून तरी येणारं तेल ओघळून खालीच जमतं. इंजिन धुऊन, वाळवून, जोडावर टाल्कम पावडर मारा आणि गाडी थोडी चालवून आणा, तेल जिथून येतं तिथे पावडर ओली दिसते.

पॅकिंग की सीलंट हा आवडीचा प्रश्न नाही. पार्ट्स कॅटलॉगमध्ये त्या चेंबरला पॅकिंगचा नंबर असेल तर पॅकिंग, नसेल तर सीलंट. कारण समजून घ्या. कागदी पॅकिंग साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं. ते काढून नुसतं सीलंट लावलं तर चेंबर तेवढं वर सरकतं आणि आतल्या पाइपांवर नको तो दाब येतो. उलट, सीलंटसाठी बनलेल्या जोडात पॅकिंग घातलं तर चेंबर खाली राहतं, तेलाच्या वाटेवरच्या ओ-रिंग (रबरी कड्या) पुरेशा दाबल्या जात नाहीत आणि प्रेशर तिथूनच सुटतं. बाहेर थेंबही दिसत नाही, आत नुकसान चालू. दोन्ही एकत्र तर नकोच. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासलं की बोल्ट आवळताना ते घसरून बाहेर येतं. जागेवर धरून ठेवायचंच असेल तर ग्रीसचा ठिपका पुरे.

सीलंटमध्येही फरक आहे. मॅन्युअलमध्ये ‘यामाहा बाँड १२१५’ लिहिलेलं असेल तर ते थ्रीबाँड १२१५, सिलिकॉनचं. लॉकटाइट ५१८ हवेविना, धातूत दाबल्यावर सुकणारं आहे. आत आलेलं जास्तीचं सुकत नाही, तेलात वाहून जातं, ही त्याची चांगली बाजू. पण ते ताठ, मशीन केलेल्या, पाव मिलिमीटरच्या आतल्या फटीसाठी आहे. पत्र्याच्या चेंबरला ते चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं सिलिकॉन चुकूनही नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, ॲल्युमिनियम खातं, आणि तेलात टिकत नाही. शेलॅकही नको, कडक होऊन तडकतं.

कोकणात सामानाची जुळवाजुळव आधीच करावी लागते. गाडी उघडून ठेवायची आणि मग कोल्हापूरहून किंवा मुंबईहून पार्सलची वाट बघायची, हे करू नका. पॅकिंग किंवा सीलंट, आतल्या सगळ्या ओ-रिंग, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, ऑइल फिल्टर, सायलेन्सरच्या पाइपाची नवी पॅकिंग (चेंबर काढायला बहुतेक वेळा पाइप उतरवावाच लागतो), दोन कॅन ब्रेक क्लीनर, चार-पाच जास्तीचे एम-६ (सहा मिलिमीटरचे) बोल्ट. सीलंटची छोटी ट्यूब घ्या, तारीख बघून. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने सुकतं, त्यामुळे गेल्या वर्षीची अर्धी ट्यूब आपल्याकडे बहुतेक आतून दगड झालेली असते. कागदी पॅकिंग पिशवीत सपाट ठेवा, दमट हवेत ते फुगतं आणि भोकं जुळत नाहीत. शक्यतो मृगाच्या आधी काम उरका.

समुद्राच्या वाऱ्यावर राहिलेल्या गाडीचे बोल्ट ॲल्युमिनियमला चिकटलेले असतात. आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारा. मग आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, नंतर सोडवायच्या. एम-६ तुटायला वेळ लागत नाही. बोल्ट लांब-आखूड असतात, पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून त्यात टोचून ठेवा.

इंजिन गरम करून तेल काढा. चेंबर उतरवा. आणि आता थांबा. चेंबरची कड म्हणजे इंजिनची सगळ्यात खालची कड. क्रँकवरचं, गिअरवरचं, भिंतींवरचं तेल तासन्‌तास तिथेच येत राहतं, बोल्टच्या भोकांतूनही उतरतं. गाडी सरळ स्टँडवर, खाली ट्रे, वरून स्वच्छ फडकं, आणि रात्रभर तशीच. संध्याकाळी उघडून संध्याकाळीच बसवायची घाई नको. तेलाच्या पातळ थरावरही सिलिकॉन सुकतं, फक्त चिकटत नाही. सालीसारखं नुसतं बसून राहतं आणि इंजिन दोन-चारदा तापलं की सुटतं. मग सीलंट खराब निघालं असं वाटतं. खराब काही नसतं, निथळू दिलेलं नसतं.

जुना थर प्लास्टिकच्या किंवा पितळेच्या पट्टीने काढा. स्क्रूड्रायव्हरची एक ओरखड म्हणजे गळतीची कायमची वाट. ग्राइंडरला लावायची घासणीची चकती तर अजिबात नको, तिची पूड बेअरिंगमध्ये गेली की इंजिन गेलं. कडेला खाऱ्या हवेने पांढरा बुरा धरलेला असतो, तो पूर्ण काढून खाली खड्डे पडलेत का बघा. कड वाकली आहे का ते बघायला चेंबर काचेवर पालथं ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. पत्र्याचं असेल तर भोकांभोवतीचे उंचवटे लाकडावर ठेवून ठोकून सपाट करा. तेलाची जाळी काढून धुवा, जुन्या सिलिकॉनचे तुकडे तिथेच अडकतात. कॉटन वेस्ट वापरू नका, धागे सुटतात. रॉकेलने धुतलं तर शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा, कारण रॉकेल मागे तेलकट थर ठेवतं.

इंजिनकडची कड पुसली की पंधरा मिनिटं थांबून टिश्यू पेपर दाबा. डाग आला? पुन्हा पुसा, पुन्हा थांबा. डाग येतोय तोवर सीलंटच्या ट्यूबला हात लावू नका. भोकांतलं तेल इअरबडने टिपा.

सीलंट चेंबरला लावा, ते टेबलावर उताणं असतं. दीड ते दोन मिलिमीटरची अखंड रेघ, भोकांच्या आतल्या बाजूने. जाड लावलं तर आत दबलेलं तुटून जाळीत जातं. तेलाच्या वाटांजवळ सीलंट नको, तिथे ओ-रिंग. ओ-रिंगला तेल चोपडू नका, ते कडेवर पसरतं. ग्रीसचं बोट लावा. आता इंजिनची कड शेवटची एकदा कोरडी पुसा. हो, पुन्हा. मगच चेंबर वर. पावसाळ्यात सिलिकॉनवर साय लवकर धरते, म्हणून बोल्ट आधीच हाताशी हवेत.

सगळे बोल्ट हाताने, मग समोरासमोर, दोन फेऱ्यांत. एम-६ला साधारण १० न्यूटन-मीटर, मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तो. बाहेर आलेलं पुसा. चोवीस तास तेल भरायचं नाही. मग फिल्टर, तेल, पाइप, दहा मिनिटं चालू, पातळी बघा, खाली पांढरा कागद घालून रात्रभर ठेवा.