ऑर्केस्ट्राशिवाय जुनी जोडी: नागपुरात अनप्लग्ड कार्यक्रम बसवताना

वीस-पंचवीस वर्षं दहा-बारा वादकांच्या ऑर्केस्ट्रात गाजलेली जोडी आता एक गिटार, एक कीबोर्ड आणि दोन आवाज एवढ्यावर कार्यक्रम करणार असेल, तर आयोजकाची खरी धास्ती चाहत्यांची असते. हे लोक त्या गाण्यांच्या कॅसेट घासून घासून ऐकत मोठे झालेले असतात. त्यांच्या कानात ऑक्टोपॅड, ब्रास (ट्रम्पेटसारखी वाद्यं) आणि मागचा कोरस पक्का बसलेला असतो. ते काढलं की उरलेलं सगळं उघडं पडतं: सूर, श्वास, शब्द, आणि सभागृहातला करकरणारा पंखासुद्धा. त्यामुळे अशा कार्यक्रमाची तयारी शांततेपासून सुरू करायची, स्पीकरचं नंतर बघायचं.

सभागृह आणि तारीख

दीडशे ते तीनशे खुर्च्यांच्या पुढे जाऊ नका. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे २००० लोकांचं आहे. तिथे रिकाम्या रंगमंचावर दोन स्टुलं ठेवून बसलेली माणसं मागून दाण्याएवढी दिसतात. १९ सप्टेंबर १९८१ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सायमन आणि गारफंकल ही फुटलेली अमेरिकन गायकजोडी पुन्हा एकत्र आली, तेव्हा गारफंकल यांना दोघं आणि एक गिटार एवढंच हवं होतं. सायमन बँडवर अडून बसले आणि बँडच उभा राहिला. समोर जमलेली गर्दी पाच लाखांच्या घरातली सांगतात. इतक्या मोठ्या मैदानात एकट्या गिटारचं काय झालं असतं, याचा विचार करा आणि मग सभागृह बुक करा.

शेवटची रांग रंगमंचापासून १७ मीटरच्या आत हवी. या आकड्याला कारण आहे, ते पुढे टाळ्यांच्या भागात येईल.

नागपुरात खरा शत्रू कूलर. एप्रिल-मे मध्ये कूलरवर चालणारं सभागृह कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. पंख्याची घरघर आणि पंपाची खुळखुळ मिळून आवाजाचा असा थर तयार होतो, की हळू म्हटलेली ओळ त्यात बुडते. शिवाय कूलरची ओली हवा थेट रंगमंचावर आली की गिटार दर दोन गाण्यांनी उतरते किंवा चढते. कूलर बंद ठेवला तर पंधरा मिनिटांत लोक पत्रिकेने वारा घ्यायला लागतात, आणि त्या दोनशे पत्रिकांचाही आवाज होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यातच करायचं असेल तर एसी असलेलंच सभागृह घ्या. बघायला जाल तेव्हा एसी, पंखे, दिवे सगळं चालू करून शेवटच्या रांगेत एक मिनिट गप्प बसा. जे ऐकू येईल ते कार्यक्रमभर ऐकू येणार आहे.

तारीख ठरवताना कॅलेंडरातल्या लग्नाच्या तिथी बघून घ्या. शेजारी लॉन असेल आणि त्या दिवशी दाट मुहूर्त असेल, तर तुमच्या हळुवार अंतऱ्यात वरातीचा डीजे नक्की शिरणार. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट आहे. पण तुमचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होणार, म्हणजे डीजेचे भर जोराचे तास तुमच्याच वाट्याला. परवानगीचं म्हणाल तर हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्या. दुसऱ्यांची गाणी गाणार असाल तर शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो. मध्यंतरात मूळ रेकॉर्डिंग वाजवणार असाल तर त्याचे हक्क वेगळे असतात. सोपा उपाय म्हणजे मध्यंतरात काहीच वाजवू नका. लोकांना बोलू द्या.

पट्टी

पन्नाशी-साठीतल्या गळ्याला मूळ पट्टी झेपत नाही, आणि झेपवू नये. ऑर्केस्ट्रात ताणलेला वरचा सूर ब्रासखाली लपायचा. इथे लपायला जागा नाही. साधारण दोन अर्धस्वर, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून दोन पट्ट्या, खाली या. काळी ४ चं गाणं काळी ३ वर. गिटारवाला चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवत असेल तर कॅपो दुसऱ्या पडद्यावर आणायचा, बोटं तीच. कीबोर्डवाला पांढरी १ च्या बोटांनी वाजवत असेल तर ट्रान्सपोज +६, म्हणजे बोटं तीच आणि बटणाने सगळे सूर सहा पट्ट्या वर.

या ट्रान्सपोजच्या बटणाने जितके कार्यक्रम बिघडवलेत तितके पावसानेही बिघडवले नसतील. एक गाणं संपतं, टाळ्या होतात, कीबोर्डवाला हसून मान तुकवतो आणि पुढचं गाणं मागच्याच ट्रान्सपोजवर सुरू करतो. म्हणून गाण्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्या पायाशी चिकटवा, आणि प्रत्येक ओळीत चार गोष्टी: गाणं, पट्टी, कॅपो, ट्रान्सपोज. ‘७ / काळी ३ / कॅपो २ / ट्रा. +६’ असं. ट्रान्सपोज शून्य असेल तेव्हाही ‘०’ लिहा. रिकामी जागा घाईत वाचता येत नाही.

पट्टी उतरवताना दुसऱ्या आवाजाचं काय होतं ते तपासायचं राहून जातं. पहिला आवाज ‘प’ वर आणि दुसरा त्याच्या खालच्या ‘ग’ वर असेल, तर दोन पट्ट्या उतरल्यावर तो ‘ग’ नुसती हवा होतो. अशा वेळी दुसऱ्याने वरच्या सप्तकातला ‘ग’ हलक्या आवाजात घ्यावा, किंवा अंतरा दोघांनी एकाच सुरात म्हणावा आणि जोडसूर (दोघं एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांवर) फक्त मुखड्याच्या शेवटच्या ओळीला ठेवावा. दुसरा पर्याय जास्त परिणाम करतो. जोडसूर सतत चालू असला की कान त्याला सरावतो.

लय आणि ओळख

नाचाचं गाणं १२८ च्या लयीवरून (मिनिटाला १२८ मात्रा) ९५ ला आणलं की चाहते पहिल्या दोन ओळी जुन्या वेगाने म्हणतात आणि पुढे निघून जातात. मग गाणारे थांबतात, प्रेक्षक ओशाळतात. उपाय सोपा आहे: त्या गाण्याचं पहिलं म्युझिक, जे ब्रासवर किंवा सिंथवर होतं, तेच गिटारवर नव्या लयीत एक पूर्ण आवर्तन वाजवा. धून ओळखीची आणि वेग नवा, असं कानावर आधी पडलं की लोक बरोबर उचलतात. ‘आता हे गाणं वेगळ्या ढंगात ऐका’ अशी प्रस्तावना करू नका; वेगळं म्हटलं की तुलना सुरू होते.

सलग तीन संथ गाणी ठेवू नका, आणि सलग दोन गाणी एकाच पट्टीत ठेवू नका. नव्वद मिनिटांना सोळा-सतरा गाणी पुरतात. सगळ्यात गाजलेलं गाणं पहिलं नको, चौथं-पाचवं ठेवा. तोवर कान नव्या आवाजाला रुळतात.

टाळ्या

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. १७ मीटरवरच्या रांगेपर्यंत गाणं पोचायला ५० मिलिसेकंद लागतात, तिथली टाळी परत रंगमंचावर यायला आणखी ५०. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे मागची टाळी गाणाऱ्याला मात्रेच्या पाचव्या हिश्शाने उशिरा ऐकू येते. ऑर्केस्ट्रात ड्रम हा घोळ दाबून टाकतो. इथे ड्रम नाही, म्हणून गाणारे नकळत टाळीची वाट बघतात, प्रेक्षक गाणाऱ्यांची, आणि गाणं दर अंतऱ्याला थकत जातं. लोकांना वाटतं यांचं वय झालं. वयाचा संबंध नसतो, अंतराचा असतो.

म्हणून पहिल्या तीन रांगांत लयीचे पक्के पाच-सहा जण बसवा, बाकीचे त्यांच्या हाताकडे बघून टाळी देतात. एकाने पायाने ठेका धरावा किंवा कानात मेट्रोनोम लावावा, आणि टाळी काही म्हणाली तरी तो सोडू नये. संथ गाण्यात टाळी मागूच नका. तिथे मुखडा लोकांकडून म्हणवून घ्या. गाण्यातला उशीर खपून जातो, टाळीतला खपत नाही.

माईक, मॉनिटर, गिटार

दोनशे लोकांना दोन १२ इंची पॉवर्ड स्पीकर, आठ चॅनेलचा मिक्सर आणि दोन मॉनिटर (गाणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) पुरेत. भाड्याने देणारा सबवूफर गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. स्पीकर माईकच्या पुढे, आणि बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जाईल इतक्या उंचीवर.

शुअर एसएम५८ सारखा माईक बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या शेपटीसमोर ठेवायचा. शुअरचाच बीटा ५८ए वेगळा आहे. तो मागून थोडं ऐकतो आणि तिरप्या मागच्या बाजूंनी कमी, तेव्हा मॉनिटर बाजूला सरकवायचा. ऑर्केस्ट्रातल्या गायकांना माईकची जाळी मुठीत धरायची सवय असते. जाळी झाकली की माईक सगळीकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. त्यापेक्षा स्टँडवर लावून द्या. ओठ आणि जाळी यांत चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको, आणि मिक्सरवर दोन्ही आवाजांचा ८०-१०० हर्ट्झखालचा भाग कापा.

गिटार थेट लांब वायरने मिक्सरला जोडू नका. लांब वायर गुणगुण पकडते, आणि गिटारमध्ये प्रीअँप नसेल तर आवाजाची चकाकीही जाते. मध्ये डीआय बॉक्स हवा, म्हणजे गिटारचा सिग्नल लांब वायरीला आणि मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी. १०० हर्ट्झच्या आसपास घुमायला लागली तर ती गिटारची पोकळी बोलतेय. भोकावर रबरी झाकण बसवा, मगच इक्वलायझरला हात लावा. गिटारच्या आतल्या प्रीअँपची (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची) ९ व्होल्टची बॅटरी नवी टाका, आणि आदल्या रात्री जॅक काढून ठेवा, कारण बहुतेक गिटारींत जॅक आत असला की बॅटरी चालूच राहते. तारा एक दिवस आधी बदला, ताणून बसवा. मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवली तर ब्रिजचा गोंद मऊ पडतो. सभागृहात निदान अर्धा-पाऊण तास आधी केसबाहेर काढून ठेवा, मग ट्यून करा.

सतत गुंजारव येत असेल तर गिटार, कीबोर्ड आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा आणि दिव्यांचे डिमर दुसरीकडे जोडा. तरी गेला नाही तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुधा तोच असतो.

दुपारी चारला रिकाम्या सभागृहात केलेली साउंड टेस्ट संध्याकाळी लागू पडत नाही. माणसं वरचे सूर शोषून घेतात, आणि जानेवारीत शाली-स्वेटर घातलेली माणसं आणखीनच. टेस्टच्या वेळी आवाज किंचित चरचरीत वाटला तरी तसाच ठेवा, पहिल्या गाण्यात बघून ठरवा.

समोरची माणसं

शाल-श्रीफळ शेवटी. सुरुवातीला सत्कार आणि तीन भाषणं झाली की दोन आवाजांच्या कार्यक्रमाला ती पेलवत नाहीत.

फर्माईश चिठ्ठीवर घ्या, तीही मध्यंतरातच. तोंडी सोडली तर मागून ‘अहो, ते ढिंच्याक वालं घ्या नं!’ सुरू होतं आणि मग प्रत्येक गाण्यानंतर तेच. फोनबंदी करू नका. सुरुवातीलाच सांगा की अमुक गाणं सगळ्यांनी मनसोक्त रेकॉर्ड करावं, बाकीच्या वेळी फोनचे स्क्रीन बंद असू द्यावेत. एक गाणं दिलं की लोक बाकीची सोडतात.

लोक काय बोलले ते कसं वाचायचं

चाहत्याला खटकलेली जागा खरी असते, तो सांगतो ते कारण बहुधा चुकीचं. ‘आवाज थकलाय’ अशी तक्रार आली तर आधी मॉनिटर तपासा. स्वतःचा आवाज ऐकू न आल्यामुळे गाणारे ओरडत होते का? ‘शब्द कळले नाहीत’ म्हणजे रिव्हर्ब (मिक्सरवरून दिलेला घुमारा) जास्त होता. ‘मध्ये झोप आली’ असं आलं तर यादीत एकाच पट्टीतली गाणी लागोपाठ आलीत का बघा. ‘मूळ गाण्याची मजा नाही’ ही तक्रार एकाच गाण्याबद्दल असेल तर त्या गाण्याचं म्युझिक तुम्ही गाळलेलं असणार. तीच तक्रार सगळ्या गाण्यांबद्दल असेल तर जाहिरातीत ‘अनप्लग्ड’ हा शब्द बारीक छापला गेला होता, आणि लोक ऑर्केस्ट्राच्या आशेने आले होते. तिकिटावर गिटार, कीबोर्ड, दोन आवाज असं सरळ लिहा.

मिक्सरमधून घेतलेल्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका. त्यात सभागृह नसतं, टाळ्या नसतात, सगळं छान वाटतं. शेवटच्या रांगेत एक फोन ठेवून वेगळं रेकॉर्डिंग घ्या आणि दोन दिवसांनी, चिठ्ठ्या आणि गाण्यांची यादी समोर ठेवून, दोन्ही गायकांसोबत बसून ऐका. जिथे लय पडली तिथे यादीवर खूण करा. पुढच्या कार्यक्रमाला त्या गाण्यात टाळी मागायची नाही.