बाटलीतला ढग, फुग्यातलं पाणी: समुद्र आणि हवेतले कण हवामान कसं हलवतात ते घरीच बघा

हवामान बदलाचा विषय निघाला की गाडी कार्बन डायऑक्साइडवरच थांबते. तो मुख्य आहेच, पण समुद्र आणि हवेतले बारीक कण समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी दोन प्रयोग करा आणि मग एक नकाशा बघा.

आधी फुगा. एका फुग्यात नुसती हवा भरा आणि दुसऱ्यात थोडं पाणी घालून मग फुगवा. सिंकवर धरून खाली मेणबत्ती न्या (लहान मुलं असतील तर मोठ्यांनी करायचं). हवेचा फुगा लगेच फुटतो, पाण्याचा टिकतो, कारण ज्योतीची उष्णता पाणी ओढून घेतं. तेवढ्याच वजनाच्या हवेपेक्षा पाण्याला 1 अंश तापायला साधारण चौपट उष्णता लागते. समुद्राचा वरचा जेमतेम 3 मीटरचा थर अख्ख्या वातावरणाएवढी उष्णता धरू शकतो, आणि माणसामुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठतेय त्यातली 90 टक्क्यांहून जास्त समुद्रातच गेलीय. म्हणून हवा अजून तेवढी तापलेली दिसत नाही, पण ती उष्णता कुठे गायब झालेली नाही.

आता ढग, हा माझा आवडता. 2 लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या, तळाला दोन-तीन चमचे कोमट पाणी घाला, झाकण लावून हलवा, मग बाटली जोरात दाबा आणि एकदम सोडा. काही दिसत नाही, दिसलंच तर अगदी पुसट. आता काडी पेटवून विझवा, तिचा धूर बाटलीत जाऊ द्या, झाकण घट्ट लावा आणि परत दाबून सोडा. सोडल्यासोडल्या आत पांढरं धुकं भरतं, दाबलं की नाहीसं होतं, सोडलं की परत येतं. सोडताना आतली हवा पसरते म्हणून गार होते, वाफेचं पाणी व्हायला बघतं, पण थेंब धरायला तिला काहीतरी कण लागतो आणि तो धुराने दिला. बाहेरही तसंच, धूळ, धूर, सल्फेट (गंधकाच्या वायूपासून हवेत बनणारे बारीक कण), आणि समुद्रावर लाटांचे बुडबुडे फुटून उडणारं मीठ, यांच्यावरच ढगांचे थेंब धरतात.

पाणी तेवढंच आणि कण जास्त असले तर थेंब बारीक आणि पुष्कळ होतात, ढग जास्त पांढरा होतो आणि ऊन परत पाठवतो. जहाजांच्या धुरामुळे समुद्रावरच्या ढगांत उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा सॅटेलाइटवर दिसतात त्या याच. 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 वरून 0.5 टक्क्यांवर आणली. हवेसाठी ते चांगलंच झालं, पण त्या कणांमुळे मिळणारा थोडा गारवाही कमी झाला. आणि सगळे कण गारवा देत नाहीत बरं का, काळी काजळी ऊन शोषून उलट हवा तापवते.

किती टिकतात हेही बघायला हवं. खालच्या हवेतले कण बहुतेक काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतात, पण 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने गंधकाचा वायू थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात फेकला, त्याचे कण झाले, तिथे पाऊसच नाही म्हणून ते टिकले आणि ऊन अडवत राहिले, मग पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान जवळपास अर्धा अंश उतरलं. समुद्रात शिरलेली उष्णता मात्र शतकानुशतकं राहते.

आता नासाची वर्ल्डव्ह्यू ही फुकट साइट उघडा. लेयरमध्ये समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा 'अ‍ॅनोमली' लेयर लावा, म्हणजे नेहमीपेक्षा किती कमीजास्त ते दिसेल, नुसतं तापमान बघून विषुववृत्त गरम आहे एवढंच कळतं. मग 'एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ' लावा, म्हणजे हवेतले कण (एरोसॉल) ऊन किती अडवतात त्याचं माप: 0.1 च्या आसपास म्हणजे हवा स्वच्छ, 1 च्या जवळ म्हणजे चांगलीच गढूळ. उत्तरेच्या उन्हाळ्यातली तारीख लावली तर सहाराची धूळ अटलांटिक ओलांडताना बऱ्याचदा सापडते. जिथे रंगच नाही तिथे हवा स्वच्छ आहे असं धरू नका, बहुतेक वेळा तिथे ढग असतात आणि सॅटेलाइटला खालचं मोजता आलेलं नसतं, तेव्हा दोन-चार दिवस मागेपुढे करून बघा.