कळसूबाईला जाताय? 'शिड्या आहेत' म्हणून या चुका करू नका

पावसाळा जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "कळसूबाईला शिड्या आहेत ना? मग जमेल." बरीच वर्षं मी या डोंगरावर जातेय, नवख्या मंडळींना सोबत घेऊनही जाते. वाटेत ज्यांचे हाल झालेले पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात याच वाक्याने झाली होती.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या सीमेवरचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून निघालं की आठशे मीटरहून जास्त उंची आपल्याच पायांनी चढायची असते. लोखंडी शिड्यांमुळे त्यातले मोजके कडे तेवढे सोपे झालेत. पूर्वी तिथे साखळ्या धरून जावं लागे. बाकीची वाट, म्हणजे शेताचे बांध, दगडी पायऱ्या, मुरमाड चढ, आहे तशीच आहे. माणूस शिडीवर दमत नाही, दोन शिड्यांच्या मधल्या त्या न संपणाऱ्या पायऱ्यांवर दमतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात. 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' हे नाव ऐकून वर हवा विरळ असेल, प्राणवायू कमी पडेल अशी त्यांना धास्ती असते. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाईला धाप लागते ती पहिल्या अर्ध्या तासात पळत सुटल्यामुळे. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग कमी करा, बसू नका. दर दहा मिनिटांनी बसकण मारली की पाय जड होतात. मात्र छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर ती 'ॲसिडिटी असेल' म्हणून पुढे चालायचं नाही. तिथेच बसवा, १०८ ला फोन लावा आणि गावात निरोप पाठवा.

पहाटेसाठी मध्यरात्री निघणं

शनिवारी रात्री बारीत उतरायचं, जेवायचं आणि लगेच चढायला लागायचं, हा आता रिवाजच झालाय. बारा वाजता निघालेली टोळी तीन-साडेतीनला माथ्यावर पोचते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे घामाने भिजलेल्या शर्टात, उघड्या माथ्यावर, वाऱ्यात साडेतीन तास. वर पायथ्यापेक्षा पाचेक अंश थंड असतंच, वाऱ्यात ते दुप्पट बोचतं. दरवर्षी तिथे माणसं एकमेकांना चिकटून कुडकुडत बसलेली दिसतात आणि सूर्य वर आला की पाच मिनिटांत फोटो काढून खाली पळतात. अलंग, मदन, कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचं पाणी, हे सगळं ज्यासाठी गेलो ते नीट पाहायचं राहूनच जातं.

वेळ उलटी मोजा. सूर्योदय सातचा असेल आणि तुमची मंडळी तीन तासांत चढणारी असतील, तर साडेतीनला निघा. तोवर गावात झोपा. पिशवीत एक कोरा शर्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि शेवटच्या शिडीच्या आधी, विहिरीपाशी, आडोशाला बदला. माथ्यावर पोचून बदलू म्हणाल तर तिथल्या वाऱ्यात अंगातला शर्ट काढायची हिंमत होत नाही.

एप्रिल-मेमध्ये गणित उलटं आहे. तेव्हा उन्हाच्या आधी उतरता आलं पाहिजे, म्हणून पाचच्या आत वाटेला लागा.

मोबाईलच्या उजेडात शिडी

ही मला सगळ्यांत जास्त काळजी वाटणारी चूक. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने कठडा. काही जण तर मोबाईल दातात धरतात. शिडीवर तीन गोष्टी कायम टेकलेल्या हव्यात, दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय. मोबाईल धरलात की हे गणित पहिल्याच पायरीवर मोडतं. डोक्याला बांधायचा हेडटॉर्च माणशी एक हवाच. 'तिघांत एक' चालत नाही, कारण शिडीवर पुढच्याचा उजेड मागच्याच्या पायाखाली पडत नाही.

एका थंडीत आमच्यापुढच्या घोळक्यातली एक मुलगी शिडीच्या मध्यावर थांबली ती थांबलीच. लोखंड बर्फासारखं गार, तिच्या तळव्यांना गंजाचा तांबडा थर लागलेला, दोन्ही हातांची बोटं कठड्याभोवती इतकी आवळलेली की पेर पांढरे पडले होते. खालून वीस-पंचवीस जण "चला ना ताई, पुढे चला" ओरडत होते आणि प्रत्येक हाकेसरशी ती अजून घट्ट धरत होती. मी तिच्या दोन पायऱ्या खाली जाऊन उभी राहिले, मागच्यांना गप्प बसायला सांगितलं आणि तिला एवढंच म्हटलं, "खाली बघू नकोस, वरही बघू नकोस. नाकासमोरची पायरी बघ. उजवा पाय फक्त." पहिला पाय उचलायला तिला मिनिटभर लागलं. मग ती आपली आपण वर गेली.

कुणी असं अडकलं तर हेच करा. आरडाओरडा बंद, एकच माणूस बोलेल, एका वेळी एकच पाय. वरून हात धरून ओढू नका. ओढल्याने त्याचा तोल जातो आणि तुमचाही.

शिडीवर अंतर ठेवा, आधीचा माणूस वर पोचेपर्यंत थांबा. पिशवीच्या बाजूच्या खिशातल्या बाटल्या आत घाला. वरून सुटलेली लिटरभराची बाटली खालच्याच्या डोक्यात बसते. उतरताना खड्या शिडीवर तोंड शिडीकडे ठेवून उतरा. पावसाळ्याच्या रविवारी शिड्यांपाशी मोठी रांग लागते आणि ती टाळायला काही जण बाजूच्या गवताळ उतारावरून घुसतात. ओलं गवत साबणासारखं सुटतं. अर्धा तास थांबा, नाहीतर आठवड्याच्या मधल्या वारी या.

पावसात 'भिजायलाच तर आलोय'

भिजायला हरकत नाही, जीन्स घालून भिजायला आहे. घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा. ओली जीन्स गुडघ्याला चिकटते, वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब शोषत राहते. कुणी सारखं थरथरतंय, बोलणं अडखळतंय, सरळ वाटेवर ठेचकाळतंय, तर 'दमलाय' म्हणून सोडून देऊ नका. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वरून प्लॅस्टिक गुंडाळा, गोड काहीतरी खायला द्या आणि शिखर विसरून उतरायला लागा.

धुक्यात वाट हरवली की माणसाचा पहिला विचार असतो, 'इथूनच खाली गेलं तर लागेल वाट.' नाही लागत. शिखरावरून चुकीच्या अंगाने उतरलात तर पलीकडच्या इंदोरे गावाच्या बाजूला भरकटाल, आणि ती बाजू बारीच्या वाटेपेक्षा अवघड आहे. शेवटची ओळखीची खूण, म्हणजे शिडी, कठडा, पायऱ्या, जिथे दिसली होती तिथे परत जा आणि धुकं हलेपर्यंत थांबा. नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून घ्या आणि रेंज नसेल तिथे फोन विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर रेंज शोधता शोधता बॅटरी संपते. मदतीसाठी ११२ आहे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर घरूनच सेव्ह करून निघा.

विजेबद्दल मात्र जराही सवलत नाही. भर जुलै-ऑगस्टपेक्षा मे अखेर, जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर जास्त धोक्याचे. दुपारनंतर ढग काळे होतात आणि आपण नेमके उघड्या माथ्यावर, लोखंडी कठड्याला धरून उभे असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर माथा आणि शिडी ताबडतोब सोडा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका, सगळे एका जागी गोळा होऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा शिडीला हात लावू नका. मधल्या सपाटीवर अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

बूट, पाणी आणि थोडं बाकीचं

कपाटात चार वर्षं पडून असलेले बूट वरून नवे दिसतात, पण तळ आणि बूट यांमधला थर आतून भुगा झालेला असतो. आठवडाभर आधी ते घालून बिल्डिंगचे दहा मजले चढ-उतर करा. सुटायचा असेल तर तळ तिथेच सुटू दे. वाटेत सुटलाच तर जास्तीची नाडी तळाखालून घेऊन दोनदा आडवी बांधा किंवा रुंद चिकटपट्टीचे वेढे द्या. एवढ्यावर बारीपर्यंत उतरता येतं. गुळगुळीत तळाचे पळायचे बूट शेवाळलेल्या दगडांवर टिकत नाहीत.

पाणी माणशी तीन लिटर. विहिरीच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या आणू नका, उन्हाळ्यात तिच्यात किती असेल ते सांगता येत नाही. पेटके आले की मांडी-पोटरी चोळत बसण्यापेक्षा पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा आणि ओआरएस प्या. इथे एक चूक फार होते. लिटरभर पाण्याचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करतात. जास्त दाट ओआरएसने मळमळ वाढते. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या.

मधमाश्यांची पोळी असतील तिथे धूर, अत्तर, फटाके नकोत. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदऱ्याकडचा रस्ता शनिवारी रात्री तुंबतो. तेव्हा चढाईचा बेत वेगळ्या आठवड्यात ठेवा.

आणि कळसूबाईला 'गड' म्हणू नका. तटबंदी, बुरूज असलं काही तिथे नाही. माथ्यावर आहे ते देवीचं छोटंसं देऊळ. गोष्ट अशी सांगतात की कळसू ही कोळ्याची पोर इंदोरेच्या पाटलाकडे कामाला राहिली, ती एका अटीवर. केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी काहीही सांगा. पाहुणे आले, पाटलाने नेमकं तेच काम लावलं, आणि ती रुसून डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही. तिच्या देवळामागे दर सोमवारी सकाळी थर्माकोलच्या ताटल्या आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. तो केर गावातल्या पोरांना काढावा लागतो. नवरात्रात आसपासच्या गावांतली माणसं श्रद्धेने इथे येतात. त्यांच्या देवळात झोपायला पथारी पसरू नका. आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणा, केळ्याच्या सालीसकट.

उतरताना सगळे सुटतात

चढताना एकत्र असलेला गट उतरताना फुटतो. तरणी पोरं धावत सुटतात आणि ज्याचा गुडघा दुखतोय तो मागे एकटा राहतो. सर्वांत अनुभवी माणूस शेवटी ठेवा आणि त्याच्या पुढेच सर्वांत हळू चालणारा. पहिल्यांनी प्रत्येक शिडीपाशी थांबून माणसं मोजायची.

उतरण्याआधी बूट पुन्हा बांधा. टाच मागे घट्ट बसवून नाडी घोट्याशी ओढा, म्हणजे बोटं पुढे जाऊन आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधी कापा. पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. घोटा मुरगळला आणि अजून चालायचं असेल तर बूट काढू नका, सूज आली की तो परत चढत नाही. नाडी सैल करा आणि बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा. पाय टेकवतच नसेल तर दोघांनी खांदा देऊन शिड्या उतरवायचा हट्ट धरू नका. गावात निरोप द्या. चादर-बांबूची झोळी करून माणूस कसा उतरवायचा हे बारीकरांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

खाली पोचलात की एक माणूस विसरू नका, गाडी चालवणारा. तो शुक्रवारी ऑफिसला होता, शनिवारी दिवसभर तयारीत, रात्रभर गाडीवर आणि मग डोंगरावर. आता भरल्या पोटी, उन्हात, कसारा घाट उतरून मुंबई किंवा अकोले-संगमनेरवरून पुणे. चहाने ही झोप जात नाही. एका रविवारी आमच्या चालकाचे डोळे मिटलेले मला आरशात दिसले, तेव्हा आम्ही घोटीच्या अलीकडे होतो आणि समोरून ट्रक येत होता. मी ओरडले, तो सावरला. त्यानंतर मी नियम केला. बारीत ज्या मावशींकडे पिठलं-भाकरी सांगितलेली असते, त्यांच्याच ओसरीवर चालकाला दोन तास झोपवायचं. तोवर गाडीची किल्ली माझ्याकडे असते आणि कुणी कितीही घाई केली तरी ती मी देत नाही.