ग्लॉक्सिनियाचं फूल आजीवर जातं : घरी संकर करताना या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ग्लॉक्सिनियाची, म्हणजे कंदापासून वाढणाऱ्या शोभेच्या फुलझाडाची, दोन झाडं होती. एकाची फुलं वर तोंड करून घंटेसारखी उभी, पाच पुंकेसरांची. दुसऱ्याची मूळच्या ब्राझिली झाडासारखी खाली झुकलेली, चपलेच्या आकाराची, चार पुंकेसरांची. उभं फूल पहिल्यांदा दिसलं ते १८४५ साली, स्कॉटलंडमधल्या जॉन फाइफ नावाच्या माळ्याच्या रोपांत. एका जनुकातली डीएनएची १० अक्षरं गळाली, एवढंच कारण.

या दोघांचा संकर केला आणि पहिल्या पिढीत झाडून सगळी फुलं झुकलेली आली. मी वैतागून रोपं वाटून टाकली. सगळ्यांत मोठी चूक हीच. उभेपणा हा अप्रभावी गुण आहे. पहिल्या पिढीत तो दबून राहतो. त्यातल्याच एका रोपाचं स्वपरागण करा (त्याचाच पराग त्याच्याच फुलाला लावा), म्हणजे नातवंडांत साधारण चारात एक उभं निघतं. आमच्याकडे नाही का, नाक बापाचं सोडून थेट आजीवर गेलेलं असतं!

पण ‘चारात एक’ म्हणजे चार रोपं लावली की एक हमखास, असं नाही. आठच रोपं वाढवलीत तर एकही उभं न निघण्याची शक्यता १० टक्के उरते. सोळा वाढवलीत तर जेमतेम १ टक्का. खिडकी लहान असेल तर छोट्या कुंड्या घ्या, पण रोपं कमी करू नका. आणि पहिल्याच पिढीत निम्मी उभी आली तर घोळ तुमचा नाही, झुकलेल्या फुलाचं झाडच मिश्र होतं, म्हणजे त्यात उभेपणा दडलेला होता.

परागणात घाई नडते. या फुलात पराग आधी पिकतो, कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, काही दिवसांनी चिकट होते. मातृफूल उमललं की लगेच, पराग सुटण्याआधी, परागकोश कात्रीने काढा. कुक्षी चकाकली की मग दुसऱ्याचा पराग लावा. देठाला तारीख आणि दोन्ही झाडांची नावं लिहिलेली चिठ्ठी बांधा. ‘लक्षात राहील’ म्हणाल तर राहत नाही.

बोंड महिना-दीड महिन्यात पिकतं. आत तपकिरीसारखं बारीक बी. ते मातीत पुरू नका, त्याला उजेड लागतो; ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरवा आणि पंखा बंद ठेवून हे करा. जून ते सप्टेंबर मात्र पेरूच नका, मुंबईच्या दमट हवेत कोवळी रोपं बुरशीने एका रात्रीत आडवी होतात. नोव्हेंबर उत्तम.

एक दुखणं सांगायचंच राहिलं. फुलं संपून संकरातल्या मातृझाडाची पानं पिवळी पडली, मला वाटलं तहानलंय, म्हणून रोज पाणी घातलं. पंधरा दिवसांनी कंद अंगठ्याने दाबला तर उकडलेल्या बटाट्यासारखा फसकला. कंद झोपायला निघाला होता. तेव्हा पाणी तोडून कुंडी सावलीत सरकवायची असते. आता मूळची आईच नाही, तिच्याशी पुन्हा संकर करून पडताळायचं कसं?