काळू नदीच्या खोऱ्यात तंबू लावताना

ठाणेकराला पाण्याचा काठ म्हटले की तलावपाळी आठवते. तेथे मासुंदा तलावाचे पाणी कठड्याच्या आत मुकाट राहते आणि काठ रोज त्याच जागी सापडतो. डोंगरातल्या नदीचा काठ असा ठरलेला नसतो. त्यामुळे मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या पायथ्याशी काळू नदीलगत मुक्काम करू पाहणाऱ्याने तंबूची खरेदी करण्याआधी जागा ओळखायला शिकावे. साध्या तंबूतही रात्र सुखाची जाते, चुकीच्या जागी मात्र महागडा तंबूही उपयोगाचा नाही.

त्यासाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. सह्याद्रीच्या कड्यांवरचे पाणी ओढ्यांवाटे थेट नदीत उतरते. पायथ्याशी आभाळ कोरडे असतानाही घाटमाथ्यावरच्या सरीने पात्र फुगू शकते. म्हणून पावसाळ्यात येथे नदीकाठी मुक्काम करूच नये, आणि मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस आला तरी हाच नियम पाळावा. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यावरून पाने-काटक्या वाहू लागल्या किंवा खळाळ वाढला, तर सामानाचा विचार न करता उंच जागी जावे.

कल्याण, मुरबाड, टोकावडे या मार्गाने दुपारी तीनच्या आत पोहोचेल अशा बेताने ठाण्याहून निघावे, कारण जागा उजेडातच वाचता येते. आधी करंज आणि उंबराच्या फांद्यांकडे पाहावे. त्यांत वाळके गवत, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसल्या, तर गेल्या पुराचे पाणी तेथवर आले होते असे समजावे. सर्वांना मोह पडतो तो पाण्यालगतच्या मऊ वाळूचा. पण ती वाळू नदीनेच तेथे आणून टाकलेली असते, हे विसरू नये. पुराच्या खुणेच्या वर, पाण्यापासून निदान ६० मीटर दूर आणि काठापेक्षा पुरुषभर उंच असलेली सपाटी निवडावी. त्याचा आणखी एक फायदा आहे. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि नदीच्या सखल भागात साचते, म्हणून तेथे धुके आणि दव अधिक असते. थोड्याशा उंचीनेही पांघरूण कोरडे राहते.

माळावर वाढलेल्या गवतापेक्षा कापणी झालेला भाग बरा. भाताच्या खाचरात उतरायचे असेल तर बांधापासून दूर राहावे. बांधातल्या बिळांत उंदीर असतात आणि त्यांच्यामागे घोणस येते. गवताच्या गंजी म्हणजे शेतकऱ्याच्या गुरांची वर्षभराची बेगमी, त्यामुळे त्यांच्या आसपास चूल पेटवू नये. खरे तर डिसेंबरनंतर सुकलेल्या माळावर शेकोटीचा हट्टच नको. छोटी गॅसची शेगडी पुरते.

कुंपण नाही म्हणून जमीन बेवारस ठरत नाही. वनखात्याची जागा असेल तर त्यांची परवानगी घ्यावी, नाहीतर जवळच्या पाड्यावर जाऊन, “काका, इथे रात्र काढली तर चालेल का?” असे सरळ विचारावे. त्याच बोलण्यात पावसात पाणी कोठवर चढते आणि रात्री जनावरे पाण्यावर कोणत्या वाटेने उतरतात, हेही विचारून घ्यावे. ही उत्तरे मोबाइलच्या नकाशात मिळत नाहीत.

नदीचे पाणी स्वच्छ दिसले तरी फडक्याने गाळून, खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळून मगच प्यावे. हिवाळा सरता सरता पात्रात डोह तेवढे उरतात आणि पाड्यातल्या बाया त्यातूनच हंडे भरतात; म्हणून भांडी व अंग धुण्यासाठी पाणी बादलीने दूर न्यावे आणि साबण पात्रात पडू देऊ नये. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो मातीने बुजवावा.

रात्री बाहेर पडताना बॅटरी हातात हवीच आणि बूट झटकून मगच पायात घालावेत. साप चावलाच तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला रुग्णालयात न्यावे. खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून मुक्कामाची जागा व परतण्याची वेळ मुरबाडलाच घरी कळवून ठेवावी.

सकाळी तंबू दवाने ओला असतो. ऊन येईपर्यंत थांबून तो वाळवावा; घाईत गुंडाळावाच लागला, तर घरी पोहोचल्याबरोबर इमारतीच्या गच्चीवर पसरावा, कारण ठाण्याच्या दमट हवेत पिशवीत राहिलेल्या कापडाला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.